लंडनच्या लाँड्रेट: जपायच्या की जाऊ द्यायच्या?

मूळ धागा
लाँड्रेट म्हणजे नाणी टाकून आपले कपडे आपणच धुवायची लाँड्री. ब्रिटनमधली पहिली ९ मे १९४९ रोजी लंडनच्या क्वीन्सवेवर सुरू झाली. आता घरोघरी मशीन आलंय आणि या एकेक करून बंद पडताहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. काहीही न मागवता तासभर बसता येईल अशी दुसरी जागा या शहरात सापडणं कठीण. ड्रायरमधून गरम चादर काढली की शेजारचा अनोळखी माणूस न सांगता दुसरी दोन टोकं धरतो. टोकाला टोक जुळवत दोघं जवळ येतात, घडी होते, दोन शब्द बोलणं होतं. हे जपायलाच हवं.

प्रतिसाद १
सपशेल असहमत. हे कौतुक घरी मशीन असणाऱ्यांचं! डिसेंबरात चारलाच अंधार, खांद्यावर कपड्यांचं ओझं, हाताशी लहान मूल, आणि पोचावं तर एकही मशीन रिकामं नाही. वर दर धुण्यामागे घरच्यापेक्षा जास्त पैसे. ज्याच्याकडे कमी, त्याच्याच खिशाला चाट.

प्रतिसाद २
पैशांचं पटलं. पण एका खोलीच्या घरात ओले कपडे वाळत घातले की भिंतींना बुरशी धरते, आणि जाड रजई घरच्या मशीनमध्ये मावतच नाही. म्हाताऱ्या माणसांना तर कपडे टाकून जायचे आणि धुऊन, वाळवून, घडी घातलेले न्यायचे, ही सोय फार मोलाची. इंग्लंडमध्ये लाँड्रेटच्या जागी दुसरं दुकान काढायला नियोजन परवानगी लागते, ती उगाच नाही.

प्रतिसाद १
दुकानाचं सोडा, घराचं बघा. छोट्या लाँड्रेटचं घर करायला २०१६ पासून पूर्ण परवानगी लागत नाही, स्थानिक प्रशासनाची मोजक्या मुद्द्यांपुरती पूर्वसंमती पुरते. त्यापेक्षा स्वीडनसारखं करा. तिथे कित्येक इमारतींत भाडेकरूंसाठी सामायिक धुलाईखोली असते, वेळ आधी राखून ठेवायची. पायपीट नाही, तिष्ठत बसणं नाही.

धागाकर्ता
त्या पूर्वसंमतीतही परिसरात दुसरी पुरेशी सोय उरते का, हे स्थानिक प्रशासनाला बघता येतं. तिथे हरकत नोंदवा, एवढंच माझं म्हणणं. धुलाईखोली जरूर व्हावी, पण तिची किल्ली भाडेकरूंकडेच असणार. ज्याला कायमचा पत्ताच नाही, त्याने कपडे कुठे धुवायचे?