दहावीत ७७.६० टक्के, गणितात ५८. सायन्स घ्यावं का, पोरगी तर नर्सिंग म्हणते

शिलाईवाली (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. पोरगी यंदा दहावी पास झाली, ७७.६० टक्के. आमच्या दोन्हीकडच्या खानदानात एवढे मार्क कोणालेच नव्हते. पेढे वाटून झाले अन् आता डोक्याले ताप सुरू झाला.

मार्क असे आहेत. मराठी ८६, हिंदी ८४, इंग्रजी ६१, गणित ५८, विज्ञान ७१, इतिहास-भूगोल ८६. शाळा मराठी माध्यमाची, सेमी नाही.

माझा भाऊ म्हणते अकोल्याले टाक, नीटची शिकवणी लाव, पोरगी डॉक्टर होते. तिथली फी अन् खोलीचा खर्च ऐकून आमचे हे गप्पच बसले. तीन एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर, बाकी माझी मशीन. जाऊ म्हणते आर्ट्सले टाक, घरून जाणं-येणं होईल. पोरगी म्हणते मले नर्स व्हायचं आहे. तिची आजी दवाखान्यात भरती होती तेव्हापासून तिनं हेच धरून ठेवलं.

शाळेत विचारलं तर "मार्क चांगले आहेत, सायन्स घ्या" एवढंच सांगितलं. आता ऑनलाइन फॉर्मात दहा कॉलेज टाकता येतात म्हणतात. काय टाकू? पोरगा आठवीत गेला, त्याच्यासाठीही आतापासून काही करावं लागते का?

संत्रापट्टा

ताई, अकोल्याची घाई करू नका. मी तिथं दोन वर्षं काढली. वर्ग चांगले असतात, खोटं काहून बोलू. पण मराठी शाळेतून आलेले आमच्यासारखे पोट्टे दिवाळीपर्यंत फिजिक्समध्ये पार बसून जातात, अन् घरी सांगायची हिंमत होत नाही. मी बारावीनंतर ॲग्रीले गेलो, मजेत आहे. एकच सांगतो, सायन्स घेतलं तर गणित सोडू नका. पुढं बँक, स्पर्धा परीक्षा, सगळीकडे गणित लागते.

गणितवाली मॅडम

ताई, मी अनुदानित हायस्कूलात नववी-दहावीला गणित शिकवते. निकाल लागला की आमच्या शाळेच्या ओट्यावर हाच प्रश्न घेऊन मायबाप बसलेले असतात, त्यामुळे जरा लांब लिहून राहिली आहे.

आधी गुणपत्रिका नीट पाहा. ७७.६० हे बेस्ट ऑफ फाइव्हचे टक्के आहेत. सगळ्यात कमी मार्कांचा विषय गळतो आणि उरलेल्या पाचांची बेरीज होते, तुमच्या मुलीची ३८८. गळालेला विषय गणित. म्हणजे जी टक्केवारी पाहून सगळे "सायन्स घ्या" म्हणून राहिले, तिच्यात गणित नाहीच. आता त्या ५८ कडे या. त्यातले २० मार्क शाळेच्या हातचे असतात, अंतर्गत मूल्यमापनाचे, आणि बहुतेक शाळा ते सढळ हातानं देतात. तिला १८ दिले असं धरा. मग बीजगणित आणि भूमिती मिळून लेखी ८० पैकी ४० उरतात. पोरगी कच्ची आहे असं मी म्हणत नाही. पण पुढचे दोन वर्षं ज्या विषयांवर जाणार ते असे सुटे करून पाहायचे असतात, एकूण टक्क्यांवरून काही समजत नाही.

मला गणितापेक्षा जास्त काळजी इंग्रजीची आहे. आपल्याकडे अकरावी सायन्सची पुस्तकं इंग्रजीतच आहेत. दहावीपर्यंत "पेशी", "त्वरण" म्हणणारं लेकरू जूनमध्ये एकदम दुसऱ्याच भाषेत जाऊन पडते. मी मुलांना एक काम सांगते, तेवढं तुम्ही घरी करा. बालभारतीच्या साइटवर अकरावीची पुस्तकं फुकट उतरवता येतात. जीवशास्त्राच्या पहिल्या धड्याची दोन पानं तिला वाचायला द्या. डिक्शनरी घेऊ द्या, वेळ लागू द्या. वाचून झालं की तुम्हाला मराठीत सांगायला लावा. तुम्हाला विषय येत नाही म्हणून लाजू नका. ती सांगताना अडखळते का रंगून सांगते, हे मायला बरोबर समजते. दुसऱ्या दिवशी तेच फिजिक्सच्या पुस्तकाचं करा. या दोन संध्याकाळींत जे दिसते ते कोणत्याही कल चाचणीत दिसत नाही. (२०१६ पासून काही वर्षं दहावीला ती चाचणी घ्यायचे. पोरं एकमेकांचं पाहून बटणं दाबायची.)

आता नर्सिंग. तिनं स्वतःहून एक गोष्ट धरली आहे, ती अशी उडवून लावू नका. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. त्याला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागते, वरून सीईटी. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचं, त्याला बारावीत ४० टक्के आणि इंग्रजी पास असलं की आर्ट्सवालीही चालते, सायन्स असलं तर बरं. म्हणजे जाऊबाईंचं म्हणणंही अगदीच वाया नाही. अकरावी सायन्स पहिल्या चाचणीतच जड गेलं तरी तिची नर्सिंगची वाट बंद होत नाही, हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

मी तिच्या जागी असती तर तालुक्याच्याच कॉलेजात सायन्स घेतलं असतं, बायोलॉजी ठेवून आणि गणित सोडून. संत्रापट्टा भाऊ, रागवू नका. बँकेच्या परीक्षेतलं गणित टक्केवारी, व्याज, काळ-काम-वेगाचं असते, ते आमच्या शाळेतच होऊन जाते. अकरावीचं गणित वेगळंच आहे. ते सोडलं की इंजिनिअरिंग बंद होते, हे खरं आहे आणि तिला स्पष्ट सांगायला पाहिजे. बाकी बीएस्सी नर्सिंग, फार्मसी आणि तुमचं ॲग्रीसुद्धा बायोलॉजीवर होते. तिला इंजिनिअर व्हायचंच नाही, तर लेखी ८० पैकी ४० च्या भरवशावर दोन वर्षं ते ओझं कशाला?

कॉलेज निवडताना पाटीवरचं नाव पाहू नका. तिथं अकरावीत असलेल्या एखाद्या पोरीला गाठा आणि विचारा, फिजिक्सचे सर आहेत का, रोज येतात का, प्रॅक्टिकल खरंच होतात का जर्नल उतरवून घेतात. आपल्याकडे अशीही कॉलेजं आहेत जिथं सायन्सच्या यादीत नावं भरपूर आणि वर्गात कोणी नाही, कारण पोरं दुसऱ्या शहरात शिकवणीत. तुमच्या मुलीला रोज वर्ग भरणारं कॉलेज पाहिजे. एसटीचा पासही पाहून घ्या, मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे. पण संध्याकाळची गाडी प्रॅक्टिकल संपल्यावर मिळते का, हे ज्याचं त्यानंच पाहायचं असते.

डॉक्टर व्हायचं नाही अशा पोरीला नीटच्या वर्गात बसवण्याबद्दल मी काय बोलू. तुमच्या भावाचा जीव आहे भाचीवर, तेवढं समजून घ्या.

मुलासाठी एनएमएमएस, म्हणजे केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा. आठवीतच देता येते, फॉर्म शाळेतून भरतात. सातवीत ५५ टक्के पाहिजेत (एससी-एसटीला ५० चालतात) आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. पेपर दोन, बौद्धिक क्षमतेचा ९० मार्कांचा आणि शालेय विषयांचा ९० चा. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पण दहावीत ६० टक्क्यांच्या खाली आला तर अकरावीपासून बंद होते (एससी-एसटीला ५५ ची अट). उद्याच वर्गशिक्षकांना विचारा, या वर्षी शाळा पोरं बसवते का. काही शाळा त्रास नको म्हणून बसवतच नाहीत.

शिलाईवाली

मॅडम, तुमचं लिहिलेलं यांना वाचून दाखवलं. बेस्ट ऑफ फाइव्हचं आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. काल रात्री पोरीनं जीवशास्त्राची दोन पानं वाचली. लय वेळ लागला, पण मग तिनं सापाले मांजराच्या जातीत काहून धरत नाहीत हे मला अन् जाऊले बसून समजावलं. फिजिक्सचं पुस्तक उघडून मिटवलं, म्हणे उद्या.

आम्ही कुणबी. कागदपत्रं काय काय लागतील? अन् नर्सिंगची फी आम्हाला झेपेल का? आताच एक माणूस घरी येऊन गेला, बारावी झाली की आमच्याच कॉलेजात सीट, म्हणे नाव लिहून द्या.

सेतूवाला

ताई, कागदाचं माझ्याकडून ऐका, रोज हेच करतो. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागते. मुलीच्या आजोबाचा किंवा पणजोबाचा शाळेचा दाखल-खारीज उतारा, नाही तर कोतवाल पंजीची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल. आतापासून शोधा. उताऱ्यात आजोबा "गनपत" अन् आधार कार्डावर "गणपतराव" असा घोळ निघतेच, तो मिटवायला वेळ जाते. जातीचा दाखला आधी काढा. मग उत्पन्नाचा, मग नॉन-क्रिमिलेअर. जात पडताळणीचा अर्ज बारावी सायन्सला असताना कॉलेजमार्फत करता येते. तो टाळू नका, कॉलेजचे बाबू विसरले तर आठवण द्या. निकालानंतर तहसीलात रांग असते, पेरणीच्या दिवसात साहेब भेटत नाही.

पोरगा कुणबी आहे म्हणून आणखी एक. एनएमएमएस पास झाला पण यादीत नाव आलं नाही, तर सारथीची (मराठा-कुणबी समाजासाठीच्या सरकारी संस्थेची) शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६००. म्हणून पेपर द्यायलाच लावा.

गणितवाली मॅडम

घरी येणाऱ्या माणसाला काही लिहून देऊ नका, आधार कार्डाची झेरॉक्ससुद्धा नाही. नर्सिंगचं कॉलेज महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का, हे बारावीनंतर आपण पाहू.

फीचं असं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी माफ आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला पाहिजे. त्या माणसानं दाखवलेल्या सीटला हे लागू होत नाही. खोली, मेस, गणवेश तुमच्याकडेच. तेवढ्यासाठी आतापासून महिन्याला थोडं बाजूला टाकायला सुरुवात करा.

फॉर्मात पहिल्या नंबरवर जे कॉलेज टाकाल ते लागलं तर घ्यावंच लागते, नाही घेतलं तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. म्हणून पहिलं नाव ज्या कॉलेजची संध्याकाळची गाडी तुम्ही पाहून आल्या तेच. दहाच्या दहा जागा भरायची सक्ती नाही, जिथं पोरीला पाठवणारच नाही ते शहर यादीत टाकू नका. फिजिक्सची दोन पानं झाली की इथं लिहा, मग मी बायोलॉजीसोबत गणिताच्या जागी कोणता विषय घ्यायचा ते सांगते. त्या कॉलेजात भूगोल शिकवतात का, तेवढं विचारून ठेवा.