मेक्सिको: माग, माती आणि बाजार बघायचेत, पंधरवड्यात काय जमेल?

छापील_परळकर

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटी आई आणि मी मेक्सिकोला जायचं म्हणतोय. दोघींकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, त्यामुळे मेक्सिकोचा वेगळा लागणार नाही, एवढं कळलं. मी कापडावरच्या छपाईची डिझाइनं करते, सो कॅनकूनच्या किनाऱ्यात मला काडीचा रस नाही. समुद्र दादरलाही आहे. मला माग, रंग, मातीकाम बघायचंय. आईला बाजार फिरायचेत, ती पक्की शाकाहारी आहे. मला सगळं चालतं.

टूरवाल्याने दिलेला कार्यक्रम असा: मेक्सिको सिटी, पुएब्ला, ओआहाका, मेरिदा, कॅनकून, ग्वादालाहारा. म्हणजे रोज उठा, बॅगा भरा. यातलं काय ठेवू, काय उडवू? आणि आईच्या पोटाचं काय?

धोटा

ग्वादालाहारा, मेरिदा, कॅनकून तिन्ही उडवा. टूरवाल्यालाही उडवलंत तरी चालेल. माझं दादरला साड्यांचं छोटं दुकान आहे, मीही मागांसाठीच गेले होते. माझं मत स्पष्ट आहे: मेक्सिको सिटीत चार दिवस, वाटेत पुएब्ला, बाकी सगळे दिवस ओआहाका शहरात एकच खोली धरून. तिथून गावं करायची. गावागणिक कसब वेगळं आणि प्रत्येक गावाचा बाजाराचा वार ठरलेला. आपल्या आठवडी बाजाराची सवय असेल तर वेळापत्रक आपोआप जमतं.

शुक्रवारी दक्षिणेचा रस्ता. सान बार्तोलो कोयोतेपेकला काळ्या मातीची भांडी, सान मार्तिन तिल्काहेतेला कोपालच्या लाकडाचे रंगीत प्राणी, सान्तो तोमास हालिएसाला कमरेला बांधायच्या मागावर विणणाऱ्या बायका, आणि शेवटी ओकोत्लानचा शुक्रवारचा बाजार. सगळं एकाच रस्त्यावर, शेअर टॅक्सीने होतं. त्या प्राण्यांना आलेब्रिखे म्हणतात. मूळचे ते लाकडाचे नव्हेत बरं का. 1936 च्या सुमारास मेक्सिको सिटीत पेद्रो लिनारेस नावाच्या कारागिराने कागदाच्या लगद्याचे केले, ओआहाकाने ते पुढे लाकडात आणले.

रविवारी पूर्वेला: आधी तेओतित्लान देल व्हाये, मग त्लाकोलुलाचा बाजार. तेओतित्लानला मात्र घाई करू नका. सापोतेक या तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या विणकरांचं गाव, लोकरीचे गालिचे. पायाने चालवायचा माग स्पॅनिश लोकांनी आणला, पण रंग त्याच्या कितीतरी आधीचे. लाल रंग कोचिनियाचा, म्हणजे आपल्या फड्या निवडुंगाच्या जातीवर वाढणाऱ्या किड्याचा. वाळलेला किडा करड्या दाण्यासारखा दिसतो. मी ज्या घरात गेले तिथल्या बाईंनी तो तळहातावर चुरडला, गडद किरमिजी डाग पडला. त्यावर लिंबू पिळलं, रंग शेंदरी झाला. मग चिमूटभर चुना, तर जांभळा. तळहात न धुता तशाच पुढच्या लडीकडे वळल्या! (आईंना किड्याचं आधी सांगू नका.) निळा नीळीचा, पिवळा पेरिकोन नावाच्या फुलांचा.

"नैसर्गिक रंग" असं तिथेही जो तो म्हणतो. अंगण दाखवायला सांगा. जिथे चूल नाही, मोठी भांडी नाहीत, लडी वाळत घातलेल्या नाहीत, तिथला नैसर्गिक रंग डब्यातून आलेला. आणि फॅशन स्ट्रीटसारखं निम्म्यावर मागू नका हो. एकेका गालिच्यावर माणूस आठवडेच्या आठवडे बसलेला असतो.

ओआहाका शहरात कापड संग्रहालय आहे, म्युसेओ तेक्स्तिल. तुमच्या कामाचं तेच. तुम्ही जाताय तेव्हा मृतांचा सण असतो: 31 ऑक्टोबरच्या रात्री जवळच्या होहोकोत्लान गावाच्या दफनभूमीत मेणबत्त्या आणि झेंडूचे ढीग घेऊन लोक आपापल्या गेलेल्या माणसांच्या थडग्यांपाशी बसलेले असतात. जा जरूर, पण विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. त्या आठवड्यासाठी खोली आत्ताच बुक करा, नंतर मिळत नाही.

भाकरी_तव्यावरची

आईंच्या पोटाबद्दल. मांस दिसतं, ते टाळता येतं. डुकराची चरबी दिसत नाही, खरा घोळ तिथे. वाटलेल्या घेवड्यात असते, तमालमध्ये (मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे) असते, त्लायुदावर (मक्याची मोठी कडक रोटी) तर आसिएन्तो म्हणून फासतातच. मोले नावाचा दाट रस्सा कितीही मिरच्या-तिळाचा वाटला तरी बहुतेक वेळा कोंबडीच्या पाण्यात सैल करतात. म्हणून तीन वाक्यं पाठ करा: सिन मान्तेका (चरबी नको), सिन आसिएन्तो (आसिएन्तो नको), सिन काल्दो दे पोयो (कोंबडीचं पाणी नको). "शाकाहारी आहोत" एवढ्यावर थांबलात तर मांस काढून तेच ताट परत येतं.

सुखाने खावं असं भरपूर आहे. भोपळ्याच्या फुलांचा केसादिया (चीज घालून दुमडलेली रोटी), निवडुंगाच्या पानांची भाजी, दोरीसारखं उलगडणारं केसियो चीज. मका चुन्यात उकळून वाटतात, त्या ताज्या रोट्यांचा वास बाजारात लांबून येतो. त्लाकोलुलात तेहाते प्या, मका आणि कोकोचं थंड पेय, वर फेस. हामाइका सरबत लाल अंबाडीचं असतं, आईंना आवडेल. तुम्हाला सगळं चालतं म्हणता, तर तळलेले नाकतोडे घ्या, तिखटमीठ-लिंबू लावलेले. नोगादा म्हणजे अक्रोडाच्या सॉसमधल्या भरल्या मिरच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या, त्या तुम्हाला चुकणार.

मुलुंडचा_वऱ्हाडी

मेक्सिको सिटीत सगळे चित्रकार फ्रीडा काहलोच्या निळ्या घराकडे पळतात. (तिकीट आधी ऑनलाइन काढा, सोमवारी बंद असतं.) माझी विनंती वेगळी आहे. सोकालो या मुख्य चौकाजवळच्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत चित्रकार दिएगो रिव्हेराने 1923 ते 1928 मध्ये भिंतीच्या भिंती रंगवल्या. त्यातल्या एका चित्रात टेबलाच्या मध्यभागी बसून भाकरी मोडणारा माणूस आहे, तो आपले पांडुरंग खानखोजे समजला जातो. वर्ध्याचे, गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांना चुकवत मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्यावर संशोधन केलं. शाळेत आपल्याला त्यांचं नावही कोणी सांगितलं नाही, याचा मला अजून राग आहे. चापिंगोतही रिव्हेराने रंगवलेलं प्रार्थनागृह आहे, शहरापासून फार लांब नाही.

छापील_परळकर

खानखोज्यांचं वाचून आई उठून बसली, तिचं आजोळ वर्ध्याचं! चापिंगो नक्की. मेरिदा, कॅनकून, ग्वादालाहारा कटाप. धोटाताई, दोनच प्रश्न: मेक्सिको सिटी ते ओआहाका बस की विमान? आणि काळ्या मातीची सुरई घ्यावी का, मोडेल का?

धोटा

बस. तापो स्थानकातून आदो कंपनीची, सहा-सात तास. दिवसाची घ्या, डोंगर फार देखणे आहेत. पुएब्ला दोन तासांवर, तिथे उतरून एक रात्र काढली तर तालावेरा म्हणजे तिथल्या चकचकीत मातीकामाच्या निळ्या-पांढऱ्या फरशा बघून होतात.

सुरई घ्या, पण पाणी भरायला नव्हे. ती चकाकी गारगोटीने घासून आणलेली असते. 1950 च्या दशकात दोन्या रोसा नावाच्या कुंभारणीने ही रीत रुळवली. चमकवलेलं भांडं कमी आचेवर भाजतात, त्यामुळे त्यात पाणी टिकत नाही. वाजवून बघा: जुन्या पद्धतीचं करडं भांडं जास्त भाजलेलं, खणखणीत वाजतं, चमकदार बद्द वाजतं. मोडण्याचं म्हणाल तर गालिच्यात गुंडाळून हातातल्या बॅगेत. गालिचा तर तुम्ही घेणारच आहात.