झाकपाक म्हणजे लपवाछपवी का?

सांजवात
एक अडलंय. मैत्रिणीच्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी एक इंग्रजी लेख मराठीत करतेय. विषय घरच्या रोजच्या कामांत सापडणारी छोटी सुखं. त्यात लेखिका रात्री स्वयंपाकघर बंद करण्याला 'क्लोजिंग शिफ्ट' म्हणते. मी बिनधास्त 'रात्रीची झाकपाक' लिहिलं. संपादककाकांचा लाल शेरा आला: "झाकपाक म्हणजे लपवाछपवी. ती घोटाळ्याची करतात. शब्द बदला."

आमची आजी रोज रात्री साडेनऊला "झाकपाक करून आले गं" म्हणत पदराला हात पुसत बाहेर यायची. उरलेली आमटी लहान भांड्यात काढायची, दूध झाकायचं, विरजण लावायचं, जाळीच्या कपाटाची कडी घालायची, ओटा पुसून फडकं पिळून नळावर टाकायचं. यात तिने कुठला घोटाळा दडपला असेल? तुमच्याकडे याला काय म्हणतात?

खडीसाखर
झाकपाकच. माहेरी पुण्यात हाच शब्द. सासरी मात्र 'मागचं आवरणं'. लग्न झाल्यावर पहिल्याच रात्री सासूबाई म्हणाल्या, "तू मागचं आवरून घे." मी मागच्या अंगणात जाऊन उभी. अंधारात पाच मिनिटं काय आवरायचं ते शोधत होते.

बोरूबहाद्दर
संपादकांचं बरोबर आहे. 'पाक' हा फारसी शब्द, अर्थ स्वच्छ. आत घाण असताना वरून झाकून स्वच्छ दाखवणं ती झाकपाक. छापील मजकुरात तरी 'आवराआवर' लिहावं, शुद्ध मराठी आहे.

तांबडारस्सा
पाकचा फारसीशी काय संबंध ओ? आमच्यात पाक म्हणजे पार, साफ. "पाक विसरलो बघ." "पाक वाटोळं केलं." म्हणजे झाकपाक = पाक झाकून टाकणे. मांजराला फट म्हणून ठेवायची नाही. विषय संपला.

निळीशाई
विषय कसला संपतोय, मी आत्ता आले! तिसरा पाक विसरलात, स्वयंपाकातला. रांधणं झालं की तो पाक झाकायचा. पण मला तिन्ही पटत नाहीत. झटपट, खटपट, लटपट, आसपास. मराठीला जोडीला 'प' घ्यायची सवयच आहे. दुसऱ्या शब्दाला अर्थ असलाच पाहिजे असं नाही, तो नुसता नादाला येतो. जसे लग्नात काही पाहुणे.

बोरूबहाद्दर
नादावर व्युत्पत्ती ठरत नाही. आणि परके शब्द नाकारण्यात गैर काय? राज्यव्यवहारकोश कशासाठी झाला? सावरकरांनी 'महापौर' हा शब्द का दिला?

निळीशाई
महापौर टिकला, कारण त्याला ओटा पुसावा लागत नाही. स्वयंपाकघरात ये रे बाबा एकदा. बादली पोर्तुगीज, चावी पोर्तुगीज, घमेलं पोर्तुगीज, तवा फारसी. तुझ्या शुद्ध 'कपाटा'चा संस्कृतातला अर्थ दाराची फळी. परक्यांना बाहेर काढायचं तर काढ, पण मग झाकायला काय उरेल?

पेन्शनर६२
व्युत्पत्तीतलं मला कळत नाही, अनुभव सांगतो. सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तीन महिने रात्रीचं स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. पहिले आठ दिवस मी कढई आधी घासायचो. मोठं काम आधी, हा ऑफिसातला नियम. मग पेल्यांना तेलाचा हात लागायचा आणि सकाळच्या चहावर तवंग. सौ. पलंगावरून नुसता आवाज ऐकून म्हणाली, "कढई घेतलीत ना आधी?" क्रम असा: पेले, वाट्या, दुधाची पातेली, ताटं आणि शेवटी कढई-तवा. दुधाचं भांडं लगेच थंड पाण्याने विसळायचं, नाहीतर साय चिकटून बसते.

आता ती चालते-फिरते, तरी रात्रीची भांडी मी सोडलेली नाहीत. सगळी पालथी घातली की पाणी निथळल्याचा जो टिपटिप आवाज येतो, तो ऐकत दोन मिनिटं अंधारात उभा राहतो. हे घरात कोणाला सांगितलेलं नाही. याला शब्द आहे का?

खडीसाखर
काका, शब्द माहीत नाही, पण आता तुम्ही आमच्यातले झालात.

एक शंका: विसळणं की खंगाळणं? आमच्याकडे भांडी विसळतात आणि कपडे खंगाळतात. शेजारीण भांडी खंगाळते. ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो.

तांबडारस्सा
कळशी खंगाळायची. आत हात जात नाही म्हणून पाणी घालून हलवायची. ताट विसळायचं. भांड्याच्या तोंडावर आहे सगळं.

सांजवात
मंडळी, गाडी रुळावर आणते. काकांच्या शेऱ्यावर दोन दिवस विचार करतेय आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. काका चुकलेत असंही नाही. बाहेर तो अर्थ आहेच. पण असं फक्त झाकपाकीचंच झालंय का? सारवणं म्हणजे किती छान काम, ओल्या जमिनीवर हाताची अर्धवर्तुळं उमटत जातात. बाहेर गेलं की त्याची 'सारवासारव' होते. पोळी लाटतो आपण, बाहेर जमिनी लाटतात. धुणं घरात धुतात, बाहेर एकमेकांची धुणी धुतात. बोळा फिरवला की ओटा चकचकीत, बाहेर कष्टांवर बोळा फिरतो. दळण घ्या, झाडणं घ्या.

आणि विरजण! रात्री दुधात बोट बुडवून बघायचं, अर्धा चमचा दही ढवळायचं, सकाळी झाकण काढलं की पांढरी, थरथरणारी कवडी. घरातली याहून शांत जादू मला माहीत नाही. बाहेर मात्र उत्साहावर विरजण 'पडतं'. हे वाक्प्रचार ज्यांनी रूढ केले, त्यांनी कधी दही लावलं नसणार.

निळीशाई
वा! हे लेखात घाल, अनुवाद राहू दे.

एक उलटं उदाहरण मात्र आहे: घडी. कपड्याची घडी घालतो तशी संसाराचीही घडी बसते. इथे शब्द बाहेर जाऊन बिघडला नाही. आणि नव्या साडीची 'घडी मोडणं' तर फारच गोड. माझी मावशी नवी साडी आधी बहिणीला नेसवायची, "घडी मोड गं" म्हणून. मोडण्यात एवढं प्रेम दुसरीकडे नसेल.

बोरूबहाद्दर
'विरजण पडणे' यात दोष विरजणाचा नाही. नको तेव्हा दुधात पडलं तर दूध नासल्यातच जमा. चहाला दूध हवं होतं आणि त्यात कोणी विरजण टाकलं, असा प्रसंग आठवा. वाक्प्रचार अनुभवातूनच आलाय. आणि हो, आमच्या घरी दही मीच लावतो.

सांजवात
हे मात्र मान्य. शब्द मागे घेते.

उंबरठा
बराच वेळ वाचतेय. तुमच्या झाकपाकीला सुगंध फार येतोय, म्हणून लिहिते. माझी आई अकरा माणसांचं करायची. तिच्या तोंडी आवरणं नव्हतं, झाकपाक नव्हती. एकच शब्द होता: "उरकलं एकदाचं." आवरणं हे निवांतपणाचं असतं, उरकणं पाठदुखीचं. छोटी सुखं शोधायला आधी बसायला मिळावं लागतं. आई सगळ्यांनंतर जेवायची, पातेल्यातच भात कालवून, एक भांडं कमी घासावं लागावं म्हणून. लेखात 'उरकणं' पण घाला.

पेन्शनर६२
तुमचं पटलं. मी निवृत्तीनंतर तीन महिने केलं म्हणून मला टिपटिप ऐकू आली. सौ.ने चौतीस वर्षं केलं. आज विचारलं तिला, तुला कधी तो आवाज आवडायचा का? म्हणाली, "कुठला आवाज?"

उंबरठा
काका, हेच म्हणायचं होतं.

तरी एक कबूल करते. रात्री सगळं उरकल्यावर आई हरभरे किंवा मटकी भिजत घालायची. ते तिने कधी उरकलं नाही. पाण्यात हात घालून दाणे खालीवर करत बसायची. दुसऱ्या रात्री फडक्यात बांधून ठेवायची आणि मोड आले की आम्हाला पुरचुंडी उघडून दाखवायची, जणू तिनेच शोध लावलाय. त्याला तिच्याकडे शब्द नव्हता. माझ्याकडेही नाही.

तांबडारस्सा
मटकीवरनं आठवलं, थंडीत मोडच येईनात. काय करता?

खडीसाखर
पुरचुंडी पिठाच्या डब्याशेजारी नको, फ्रिजच्या मागच्या बाजूला ठेवा, तिथे ऊब असते. दह्याचंही तेच. दूध साधारण ४० अंशांवर हवं, म्हणजे करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे. मोजता नाही आलं तर गरम आहे.

बोरूबहाद्दर
दहा फार झाले. पाच.

खडीसाखर
तुमची करंगळी शुद्ध मराठी असेल.

सांजवात
मुदत आज संपली, म्हणून कळवते. काकांना फोन केला. दहा मिनिटं वाद घातल्यावर पलीकडून काकूंचा आवाज आला, "अहो, झाकपाक व्हायचीये माझी, फोन ठेवा आता." काका गप्प. तरी शब्द काही ठेवला नाहीच त्यांनी. शेवटी असं छापायला गेलं: "ओटा पुसला, दूध झाकलं, दिवा मालवला." मला बरं वाटलं.

तांबडारस्सा
मालवला? आमच्यात दिवा घालवतात.

निळीशाई
घालवतात म्हणजे? कुठे घालवतात?