करसवलत निर्मात्याला आणि उधारी नाशिककराला?

सातपूरचा लेखापाल
महाराष्ट्राने अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याप्रमाणे चित्रपट व मालिकांच्या निर्मितिखर्चावर ३० टक्के करसवलत द्यावी, म्हणजे इगतपुरीपासून त्र्यंबकपर्यंत चित्रीकरणाची रीघ लागेल, असे काल या चर्चामंचावर एका सभासदाने लिहिले. ते वाचून राहवले नाही. जॉर्जियात मूळ सवलत २० टक्के आहे आणि राज्याचे बोधचिन्ह झळकवल्यास आणखी १० टक्के मिळते, हे खरे. मात्र ज्या कंपनीला तिथे तेवढा कर भरायचाच नसतो, ती आपली सवलत दुसऱ्या करदात्याला विकून मोकळी होते, हे त्या पोस्टमध्ये कोठेच नाही. अमेरिकेतल्याच मिशिगन राज्याने २००८ मध्ये ४२ टक्क्यांपर्यंत सवलत दिली आणि २०१५ मध्ये ती योजना गुंडाळली. शिवाय आपले राज्य सवलत देणार कशावर? आयकर केंद्राचा आहे आणि तिकिटावरचा करमणूक कर १ जुलै २०१७ पासून जीएसटीत गेला. तेव्हा नाव करसवलतीचे असले, तरी प्रत्यक्षात ते तिजोरीतून दिलेले रोख अनुदानच ठरेल.

गंगापूर रोड
काल लिहिणारा मीच. रोख अनुदान म्हणा, हरकत नाही. केंद्र सरकार भारतात चित्रीकरण करणाऱ्या विदेशी निर्मितीला हेच देते. २०२२ मध्ये ३० टक्के व कमाल २ कोटी रुपये अशी असलेली मर्यादा २०२३ मध्ये ४० टक्के व ३० कोटींवर नेण्यात आली. हॉलिवूड ज्याच्या अंगणात आहे त्या कॅलिफोर्नियालाही २०२५ मध्ये करसवलतीची वार्षिक तरतूद ३३ कोटी डॉलरवरून ७५ कोटींवर न्यावी लागली, कारण काम बाहेर चालले होते. फाळके त्र्यंबकेश्वरी जन्मले, त्यांची कंपनी नाशिकात होती, आणि आज युनिटे कसारा घाट न चढता वाईला जातात. हातावर हात ठेवून बसणे हेच धोरण असेल, तर तसे स्पष्ट लिहा.

इंदिरानगर, केटरिंग
दोघांनाही विचारतो : युनिट आले म्हणजे नाशिकला पैसा मिळाला, हे कोणी ठरवले? एका मालिकेचे शेड्यूल इकडे लागले होते. पहाटे चारला पोहे-चहा, दुपारी दोन भाज्या, रात्रीच्या शिफ्टला वेगळे जेवण, आणि कॉलशीट, म्हणजे दिवसाच्या कामाचे वेळापत्रक, ऐनवेळी बदलली की शिजवलेले अन्न आमच्याच अंगावर. पेमेंट नव्वद दिवसांनी ठरले होते. नव्वद दिवस उलटल्यावर लाइन प्रोड्युसर, म्हणजे चित्रीकरणाचा रोजचा खर्च सांभाळणारा माणूस, म्हणाला, चॅनेलकडून पैसे सुटलेले नाहीत. पुढे त्याने फोन उचलणेच सोडले. जनरेटरवाल्याचेही तेच झाले. किराणा दुकानदाराची उधारी मी बायकोचे दागिने गहाण ठेवून फेडली.

गंगापूर रोड
तुमच्याबद्दल सहानुभूती आहे, पण एका बुडव्या निर्मात्याची वसुली हा या धाग्याचा विषय नव्हे. त्यासाठी न्यायालये आहेत.

इंदिरानगर, केटरिंग
विषय हाच आहे, आणि तो तुम्हाला टाळायचा आहे. सरकार परतावा देणार तो खर्चाच्या बिलांवर. माझे बिल त्यांच्या फायलीत लागले असेल आणि माझ्या खात्यात दमडी आली नसेल, तर माझ्या घामावर त्यांना अनुदान मिळणार! न्यायालयात जा म्हणता, वकिलाची फी तुम्ही भरणार का?

पंचवटी, माजी लाइटमन
केटरिंगवाल्यांचे शब्दशः खरे आहे. लाइटमन, स्पॉटबॉय, ज्युनिअर आर्टिस्ट सगळे मुंबईहून बसने येतात. स्थानिक पोरांना ‘शिकायला मिळतंय’ म्हणून गर्दी हटवायला उभे करतात आणि मजुरीचा कागद कोणाच्याच हाती देत नाहीत. मराठी चित्रपटाला दर्जानुसार ४० किंवा ३० लाखांचे अनुदान आहेच; त्यातले मजुरापर्यंत किती झिरपते, हे आजवर कोणी विचारले का?

सातपूरचा लेखापाल
येथेच खरी गाठ आहे. कॅलिफोर्नियाच्या योजनेत नट आणि दिग्दर्शक यांचे मानधन सवलतपात्र खर्चात धरत नाहीत. जॉर्जियात ते धरतात. म्हणजे एकाच नावाच्या दोन योजनांत पैसा निरनिराळ्या खिशांत जातो. आपल्याकडे द्यायचेच असेल, तर बिल नव्हे, पुरवठादाराच्या बँक खात्यात रक्कम जमा झाल्याची नोंद हाच पुरावा मानावा, आणि मजुरी जिल्ह्यातल्या रहिवाशाला दिली असेल तरच ती मोजावी.

गंगापूर रोड
एवढ्या अटी घातल्यावर कोणताही निर्माता येणार नाही, तो सरळ उत्तर प्रदेशात किंवा काश्मीरात जाईल. अनुदान तिथेही आहे. तरीही बँक नोंदीची अट रास्त आहे, एवढे मान्य करतो. मानधन वगळण्याला मात्र माझा विरोध कायम आहे. मोठा नट आला तरच मोठे युनिट येते.

इंदिरानगर, केटरिंग
मोठ्या नटाचे युनिटही पोहेच खाते. त्या पोह्यांचे पैसे तिसऱ्या दिवशी खात्यात जमा होतील, असे कलम आधी लिहून आणा. मग अनुदानाला मीही पाठिंबा देईन.