व्हिसा संपल्याचं ठाऊकच नसेल, तर बंदूक हातात घेणं गुन्हा ठरावा का?

न्यायतराजू: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये 'रेहाइफ विरुद्ध युनायटेड स्टेट्स' या अपिलात दिलेला निकाल (७ विरुद्ध २) मला पटतो. रेहाइफ हा अमिरातीचा विद्यार्थी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर फ्लोरिडात शिकत होता. गुण कमी पडल्याने विद्यापीठाने काढलं. दुसरीकडे प्रवेश घ्या नाहीतर दर्जा (म्हणजे देशात राहण्याचा कायदेशीर हक्क) जाईल, अशी मेलही पाठवली. तो तिथेच राहिला आणि शूटिंग रेंजवर भाड्याच्या बंदुकीने गोळ्या झाडल्या. बेकायदा राहणाऱ्याला बंदूक बाळगायला बंदी घालणारं केंद्रीय कायद्याचं कलम ९२२(जी)(५) लागलं, शिक्षा १८ महिने. मुक्काम बेकायदा असल्याचं त्याला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करायची गरज नाही, असं ज्युरीला सांगितलं गेलं. घोळ इथेच झाला. शिक्षेच्या कलमातला 'जाणूनबुजून' हा शब्द बंदुकीला लागू आणि दर्जाला मात्र नाही, हे कसं?

रोखठोक: अहो, मेल आली होती ना? मग 'माहीत नव्हतं' कसलं? न्या. अलिटोंनी विरोधी मतात हेच बजावलं होतं: मनातलं ज्ञान सिद्ध करत बसायचं, तर सरकारवर नको तेवढा भार पडतो. कायद्याचं अज्ञान हा बचाव होत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं.

न्यायतराजू: मेल आहे ना, मग ती ज्युरीपुढे ठेवा, एवढंच न्यायालय म्हणालं. आणि 'बंदूक बाळगायला बंदी आहे हे माहीत नव्हतं' हा बचाव आजही चालत नाही. 'माझा दर्जा संपलाय हेच माहीत नव्हतं' ही गोष्ट वेगळी. विद्यार्थ्याच्या आय-९४ वर (देशात आल्याची सरकारी नोंद) मुक्काम संपण्याची तारीख नसते, 'डी/एस' म्हणजे दर्जा असेपर्यंत, एवढंच असतं. उलट एटीएफच्या (बंदुकांवर नियंत्रण ठेवणारी केंद्रीय संस्था) नियमांत व्हिसाच्या अटी मोडणाराही 'बेकायदा' धरला जातो. रेंजवर तिथल्या तिथे वापरायला बंदूक भाड्याने घेताना बंदूक विकत घेताना लागणारा ४४७३ हा फॉर्मही भरावा लागत नाही, त्यामुळे दर्जा विचारण्याचं बंधन कुणावर नाही. आणि काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) हा निकाल खटकला असता, तर २०२२ मध्ये कमाल शिक्षा १० वरून १५ वर्षं करताना 'जाणूनबुजून' हा शब्द काढून टाकला असता. ठेवला!

अपीलवाला: तुमचा वाद तात्त्विक. अपील पडतं ते वेगळ्याच ठिकाणी. ज्युरी विचारविनिमयाला जाण्याआधी न्यायाधीशाने तिला दिलेल्या सूचनेवर हरकत नोंदवावी लागते (केंद्रीय फौजदारी प्रक्रियेचा नियम ३०), आणि पुरावा अपुरा असेल तर नियम २९ खाली निर्दोष सोडण्याचा अर्ज. दोन्ही राहिलं की वरच्या कोर्टात फक्त 'ढळढळीत चूक' हा निकष उरतो. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०२१ च्या 'ग्रीअर' निकालानंतर आरोपीला दाखवावं लागतं की योग्य सूचना मिळाली असती, तर अज्ञानाचा पुरावा आपण खरोखर मांडला असता आणि निकाल बदलण्याची रास्त शक्यता होती. आणि अपिलाची नोटीस शिक्षेचा आदेश नोंदल्यापासून १४ दिवसांत; इथे बरेच जण गचकतात.

रोखठोक: म्हणजे 'ग्रीअर'ने निकालाचे दात काढलेच की.

अपीलवाला: जुन्या गुन्हेगारांपुरते. आपण शिक्षा झालेले आहोत, हे माणूस सहसा विसरत नाही, हा त्यातला तर्क. दर्जाचं तसं नाही. आश्रयाचा अर्ज प्रलंबित आहे, वकिलाने 'थांबा' म्हटलंय, अशा माणसाच्या फाइलमध्ये खरा पुरावा असतो. तो खालच्या कोर्टातच रेकॉर्डवर आणायचा. अपिलात नवी कागदपत्रं सहसा घेत नाहीत. गुन्हा कबूल करण्याआधी तर दहादा विचार करा. ९२२(जी)(५) ही इमिग्रेशन कायद्यात 'अग्रेव्हेटेड फेलनी' (अतिगंभीर गुन्हा) आहे, म्हणजे शिक्षा छोटी झाली तरी आश्रयाचा रस्ता बंद. हद्दपारीचा हा धोका वकिलाने आधी सांगायलाच हवा, असं सर्वोच्च न्यायालयाचा 'पडिया' निकाल (२०१०) सांगतो.

रोखठोक: तरी एच-१बीवाल्यांनी 'आपण कायदेशीर आहोत' म्हणून रेंजवर जाऊ नये. त्याच ९२२(जी)(५) चं पोटकलम (बी) नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावाल्यांनाही लागू आहे, आणि त्यात काडतुसंही येतात. कुठल्याही राज्याचा वैध शिकारीचा परवाना असेल तर सूट मिळते, पण तो आधी काढायचा.