पालावरच्या पोरांना शाळेत घेत नाहीत, काय करावं?

प्रश्न (दिग्रस तालुका, यवतमाळ)
गावाबाहेर पडीत जागेवर पालं पडली आहेत. तिथली दोन पोरं आहेत, वय 9 आणि 7. मोठा दुसऱ्या जिल्ह्यात पहिलीपर्यंत शिकला, धाकटीचं नाव कुठंच नाही. मुख्याध्यापक म्हणतात टीसी, आधार, रहिवासी दाखला आणा, नाहीतर जूनमध्ये या. आता नोव्हेंबर चालू आहे. नियम काय सांगतो?

झेडपीवाला
भाऊ, यातला एकही कागद अडवायला पुरत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 बघा. कलम 5 म्हणतं, टीसी यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश लांबवू शकत नाही. वयाच्या पुराव्यासाठी अडवायचं नाही, हे कलम 14. वर्ष सुरू झालं म्हणून नाही म्हणायचं नाही, हे कलम 15. रहिवासी दाखला लागतो तो खाजगी शाळेतल्या 25 टक्क्यांच्या ऑनलाइन प्रवेशाला. लोक दोन्हींची गल्लत करतात.

आधारचं खरं दुखणं वेगळंच आहे. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवताना, आधार जुळलेली पटसंख्या बघतात, म्हणून मुख्याध्यापक कचरतात. पण 2018 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं शाळा प्रवेशाला आधार सक्तीचं नाही, हे स्पष्ट केलंय. आधी नाव चढवा, आधार मागून काढता येतं.

रजिस्टरवाले गुरुजी
जन्मतारखेसाठी अंगणवाडीची नोंद किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईचं रजिस्टर चालतं. तेही नसलं तर पालकाचं घोषणापत्र. दोघांनाही पहिलीत बसवतील, तसं होऊ देऊ नका. कलम 4 प्रमाणे वयानुरूप वर्ग, म्हणजे मोठा चौथीत, धाकटी दुसरीत, आणि सोबत विशेष प्रशिक्षण.

दाखल-खारीज रजिस्टरची, म्हणजे शाळेत आल्या-गेल्या पोरांची नोंद असते त्या वहीची, ओळ मात्र स्वतः उभं राहून वाचून घ्या. जातीच्या रकान्यात नुसतं ‘भटके’ किंवा ‘हिंदू’ लिहिलं की पुढं जात पडताळणीत पोरगं अडकतं. नेमकी जात लिहायला लावा, उदाहरणार्थ ‘फासेपारधी’. बापाच्या नावाचं स्पेलिंगही. शाळा सोडल्यावर ही दुरुस्ती म्हणजे डोकेदुखी असते, बाप्पा.

प्रश्नकर्ता
तोंडीच नाही म्हणतात, लिहून देत नाहीत.

झेडपीवाला
मग तुम्ही लिहून द्या. पालकाच्या सहीचा किंवा अंगठ्याचा अर्ज, दोन प्रती, एकीवर तारखेसह पोच. पोच नाकारली तर स्पीड पोस्टानं पाठवा. तीच प्रत केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे) आणि पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. अर्जात कलम 9 चा उल्लेख हवाच, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. कलम 32 खाली रीतसर तक्रारही होते, पण निकालाला तीन महिन्यांची मुदत आहे, तोवर पालं उठून जातील. म्हणून केंद्रप्रमुखांनाच आधी गाठा, बहुतेक वेळा काम तिथंच होतं.

रजिस्टरवाले गुरुजी
पालं हलायच्या आधी टीसी मागून घ्या. कलम 5 प्रमाणे ती लगेच द्यावी लागते. शिक्षण हमी कार्डही भरून मागा. पुढच्या गावच्या शाळेला पोरगं कितवीत होतं, कुठवर शिकलं, ते त्यावरून कळतं.