पहिली १०० किमीची सायकल राईड: सराव करून जावं की सरळ निघावं?

एका मित्राला पुढच्या महिन्यात पहिल्यांदा १०० किमी करायचंय, आतापर्यंत सलग ४० च्या वर कधी गेला नाही. त्याने काय तयारी करू विचारलं तर तिघांनी सांगितलं, तयारी कसली, निघ, होतंय. मला हे अजिबात पटलं नाही. ताशी २० ने धरलं तरी १०० म्हणजे पाच तास नुसतं सीटवर, आणि तेव्हा दम नाही संपत हो, बूड दुखतं, तळहाताला मुंग्या येतात, मान आखडते, गुडघा बोलायला लागतो. ही सवय ४० किमीत होत नाही. चार रविवार हातात आहेत, ५०, ६०, ७५ असं चढत जा आणि शेवटचा रविवार हलका ठेव, एवढंच माझं म्हणणं.

प्रतिसाद १:
असहमत. अशाने माणसं वर्षभर तयारीच करत बसतात. बीआरएममध्ये (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईड) २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ सुद्धा पडत नाहीत. मग १०० ला कसली घाई? दर तासाला उतरा, पाय मोकळे करा, चढाला हलका गिअर टाका. मी ४५ वरून थेट १०० केलं, पूर्ण झालं.

प्रतिसाद २:
पूर्ण झालं हे खरं, पण नंतर किती दिवस सायकलला हात लावला नाहीत तेही सांगा ना. माझा गुडघा पहिल्याच मोठ्या राईडला गेला, कारण सीट खाली होती आणि छोट्या राईडमध्ये ते कळलंच नव्हतं. ढोबळमानाने गुडघा पुढून दुखला तर सीट खाली असते, मागून दुखला तर वर. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात थोडासाच बाक राहिला पाहिजे. आणि पॅडवाल्या शॉर्टच्या आत चड्डी घालायची नाही, शिवण घासून सालटं निघतात.

प्रतिसाद १:
सीट नीट लावायला महिना कशाला, अर्धा तास पुरतो. मला विचाराल तर नवखे सरावाअभावी नाही, खाण्यावाचून गळपटतात. भूक लागेपर्यंत थांबलात की उशीर झालेला असतो, पहिल्या तासापासून थोडं थोडं खात राहायचं, तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्ज. पाणी घोट घोट, पण नुसतं पाणी ढोसत राहणंही वाईट, घामातून मीठ जातं तेही भरून काढायला हवं.

धागाकर्ता:
खाण्याचं शंभर टक्के मान्य, ते मी लिहायलाच हवं होतं. पण पॅडल मारताना काय पचतं आणि कशाने मळमळतं हे कुठे कळणार, ७५ च्या राईडलाच ना? अर्ध्या तासात सीट लावता येते हेही ठीक, पण ती बरोबर लागली का हे तिसऱ्या तासाला कळतं. आणि २०० ला येणारे बहुतेक जण आधी १०० करून आलेले असतात, त्यांचं उदाहरण ४० वाल्याला कसं लागू होईल?

प्रतिसाद ३:
दोघांचं वाचलं, मी सरावाच्या बाजूने, पण ७५ चा हट्ट नको, ६० झाले तरी निघावं. त्यापेक्षा पंक्चर काढायचा सराव घरी दोनदा करा. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचा, हळूच, नाहीतर बोटातच जातो. तो राहिला की नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते.